सेवांतर्गत शिक्षक प्रशिक्षण (महाराष्ट्र)

सेवांतर्गत शिक्षक प्रशिक्षण म्हणजे नोकरीत असलेल्या शिक्षकांना विषयज्ञान, अध्यापनपद्धती, मूल्यमापन आणि वर्गातील नवे प्रयोग यांसंबंधी दिले जाणारे प्रशिक्षण होय. डी.एड. (आताचे डी.एल.एड.) किंवा बी.एड. या पदविका-पदव्यांमधून मिळणाऱ्या सेवापूर्व प्रशिक्षणापेक्षा ते वेगळे असते. महाराष्ट्रात हे प्रशिक्षण कार्यशाळा, शिक्षण परिषद, दिग्दर्शन पाठ, शाळाभेट, ऑनलाइन अभ्यासक्रम आणि नवोपक्रम स्पर्धा अशा अनेक रूपांत चालते. राज्यपातळीवर त्याची जबाबदारी पुणे येथील महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. कार्यशाळेत शिकलेली गोष्ट वर्गापर्यंत पोहोचते का, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न असून गेल्या काही दशकांतील बहुतेक बदल त्याच प्रश्नाभोवती झाले आहेत.

## संज्ञा

या विषयात 'प्रशिक्षण', 'उद्बोधन', 'उजळणी वर्ग' आणि 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' असे शब्द वापरले जातात. उद्बोधन म्हणजे नवा अभ्यासक्रम, नवे पाठ्यपुस्तक किंवा नवे धोरण यांची ओळख करून देणे. उजळणी वर्गात पूर्वी शिकलेल्या विषयाला उजाळा दिला जातो. सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास ही त्यांहून व्यापक संज्ञा आहे. तीत शिक्षकाचे स्वतःचे वाचन, सहकाऱ्यांशी चर्चा, वर्गनिरीक्षण आणि कृतिसंशोधन यांचाही समावेश होतो. कार्यशाळा घेणाऱ्या व्यक्तीला पूर्वी 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणत. आता 'सुलभक' किंवा 'साधनव्यक्ती' हे शब्द रूढ झाले आहेत. प्रशिक्षणासाठी तयार केलेल्या लेखी साहित्याला 'घटकसंच' म्हणतात.

## इतिहास

### प्रारंभ

नोकरीतील शिक्षकाला वाचनातून मदत करण्याचा मराठीतील सर्वांत जुना प्रयत्न म्हणून 'मराठी शालापत्रक' या नियतकालिकाचा उल्लेख केला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण खात्याच्या आश्रयाने ते निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी त्याचे संपादन केले. खेडोपाडी एकटे काम करणाऱ्या पंतोजींना हे पत्र उपयोगी पडे.

विसाव्या शतकात बालशिक्षणाच्या क्षेत्रात गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांचे कार्य महत्त्वाचे ठरले. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ साली झाली. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी ते आदिवासी मुलांपर्यंत नेले. परिसरातील वस्तूंमधून शैक्षणिक साधने बनवणे आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवणे हे प्रयोग तेथे झाले. पाहून, करून आणि चुकून शिकणारा शिक्षक ही कल्पना पुढील काळातील कार्यशाळांनी याच परंपरेतून घेतली.

### कोठारी आयोग ते १९८६ चे धोरण

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव मराठी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे होते. जवळपासच्या शाळांनी एकत्र येऊन परस्परांना मदत करावी, ही शाळासमूहाची कल्पनाही आयोगाने मांडली. आजच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेचे मूळ या कल्पनेत सापडते.

१९६४ मध्ये पुण्यात राज्य शिक्षण संस्था सुरू झाली. १९८४ मध्ये तिचे रूपांतर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत झाले. विज्ञानाच्या अध्यापनात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांच्या विज्ञान शिक्षकांबरोबर दीर्घकाळ काम केले. एकाच शिक्षकगटाकडे पुन्हा पुन्हा जाणे हे त्या कामाचे वैशिष्ट्य होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, १९८६ ने सेवापूर्व व सेवांतर्गत प्रशिक्षण हे एकाच अखंड प्रक्रियेचे भाग मानले. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) स्थापन करण्याचे ठरले. पुणे जिल्ह्याची अशी संस्था लोणी काळभोर येथे आहे.

### मोठ्या संख्येची प्रशिक्षणे

१९९० च्या दशकात किमान अध्ययन क्षमता आणि खडू-फळा योजनेतील साहित्याचा वापर यांसाठी देशभर सामूहिक प्रशिक्षणे घेण्यात आली. महाराष्ट्रातील शिक्षकांना त्यांपैकी 'स्मार्ट पीटी' हे नाव आजही आठवते. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी या तत्कालीन जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला. त्यातून गटसाधन केंद्र व समूहसाधन केंद्र यांची रचना पुढे आली. राज्यात १९९४ च्या शासन निर्णयाने केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले.

२००१ पासूनच्या सर्व शिक्षा अभियानाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला २० दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. पुढे हे दिवस गटसाधन केंद्रावरील वर्ग आणि समूहसाधन केंद्रावरील मासिक बैठका यांत विभागले गेले.

### २०१० नंतर

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धत आली आणि तिच्यासाठी मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षणे झाली. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम जाहीर झाला. सर्वांना सरसकट प्रशिक्षण देण्याऐवजी शिक्षकांच्या मागणीनुसार आणि यशस्वी शाळा पाहून शिकण्यावर या काळात भर देण्यात आला. शिक्षकांनी आपले प्रयोग मांडावेत यासाठी 'शिक्षणाची वारी' ही प्रदर्शने भरवण्यात आली. त्यांत मांडणी करणारे आणि पाहणारे दोघेही मुख्यतः शिक्षकच असत.

केंद्र शासनाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हा डिजिटल मंच आणि २१ ऑगस्ट २०१९ रोजी 'निष्ठा' हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. कोविड काळात निष्ठा प्रशिक्षण दीक्षा मंचावर ऑनलाइन झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

## यंत्रणा

शासकीय प्रशिक्षणाची उतरंड साधारणपणे पुढीलप्रमाणे असते.

* राज्य: राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. घटकसंच तयार करणे व राज्यस्तरीय साधनव्यक्तींची तयारी करून घेणे.
* जिल्हा: जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याच्या गरजांचा अभ्यास, साधनव्यक्तींची निवड व संशोधन.
* तालुका किंवा शहर: गटसाधन केंद्र अथवा शहर साधन केंद्र. प्रत्यक्ष वर्ग व विषयतज्ज्ञांच्या शाळाभेटी.
* केंद्र: सुमारे दहा शाळांचा समूह. केंद्रप्रमुखांच्या नियोजनाखाली शिक्षण परिषद.

शिक्षण परिषद पूर्वी 'केंद्रसंमेलन' म्हणूनही ओळखली जाई. एका शाळेने यजमानपद घ्यावे, एखाद्या शिक्षकाने दिग्दर्शन पाठ घ्यावा, त्यावर चर्चा व्हावी आणि पुढील महिन्याचे नियोजन ठरावे, असा तिचा ठरलेला क्रम असतो.

याशिवाय १२ व २४ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी स्वतंत्र प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. २०२२ मध्ये ते इन्फोसिसच्या मंचावरून ऑनलाइन घेण्यात आले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न खासगी शाळांतील शिक्षकांनाही वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण अनिवार्य असून त्याचा काही भाग शाळेने स्वतः आयोजित करावयाचा असतो.

## कार्यशाळेचे स्वरूप

नावीन्यपूर्ण अध्यापनाच्या कार्यशाळेत व्याख्यानापेक्षा कृतीला अधिक स्थान असते. पूर्वचाचणी, गटकार्य, साहित्यनिर्मिती, नमुना पाठ, प्रत्याभरण आणि उत्तरचाचणी हे तिचे सामान्य टप्पे होत. शिक्षकाला काही काळ विद्यार्थ्याच्या जागी बसवणे हे अशा कार्यशाळेचे महत्त्वाचे तंत्र आहे.

गणितातील स्थानिक किंमत शिकवण्यापूर्वी शिक्षकांना पंचमान पद्धतीत हिशेब करायला सांगणे हे त्याचे एक उदाहरण. या पद्धतीत पाचांचा एक गठ्ठा होतो. त्यामुळे ३ अधिक ४ यांचे उत्तर १२ असे लिहावे लागते, म्हणजे पाचाचा एक गठ्ठा आणि दोन सुटे. वर्षानुवर्षे बेरीज शिकवलेला शिक्षकही येथे बोटे मोजू लागतो. 'हातचा' घेताना दुसरीतील मुलाला नेमके काय अवघड जाते, हे त्याला या अनुभवातून उमगते. त्यानंतर काड्यांचे गठ्ठे, मणी आणि खेळातील नोटा यांच्या साहाय्याने ५२ मधून २७ वजा करण्याचा पाठ रचला जातो.

भाषेच्या कार्यशाळांत गोष्ट वाचून दाखवणे, चित्रावर बोलणे, मुलांच्या बोलीतील शब्द फळ्यावर लिहिणे आणि मुलांच्या लेखनातील चुकांचा अभ्यास करणे या कृती असतात. विज्ञानात टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याची पद्धत पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केली.

## प्रशिक्षण पोहोचवण्याच्या पद्धती

### उतरती शृंखला

राज्य स्तरावर प्रशिक्षित झालेल्यांनी जिल्ह्यात, जिल्ह्यातील लोकांनी तालुक्यात आणि तालुक्यातील लोकांनी शिक्षकांना शिकवायचे, ही शृंखला पद्धत होय. कमी वेळात लाखो शिक्षकांपर्यंत एकच संदेश पोहोचवता येणे हा तिचा फायदा आहे. नवे पाठ्यपुस्तक किंवा नवा नियम समजावण्यासाठी ती पुरेशी ठरते. अध्यापनाची सवय बदलायची असल्यास मात्र ती अपुरी पडते. वरच्या टप्प्यावर स्वतः करून पाहिलेली कृती मधल्या टप्प्यावर सांगितली जाते आणि शेवटच्या टप्प्यावर तिची केवळ झेरॉक्स प्रत हाती येते.

### शाळा पाहून शिकणे

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट हे या पद्धतीचे राज्यात सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग चालवण्याचा प्रयत्न केला. मुले गटात बसून साहित्य हाताळत, जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर शब्द व संख्यांचे खेळ खेळत आणि एकमेकांना शिकवत. २०१५ च्या सुमारास राज्याच्या निरनिराळ्या भागांतील शिक्षक हे वर्ग पाहण्यासाठी तेथे येऊ लागले. आपल्यासारख्याच शाळेत, आपल्यासारख्याच मुलांबरोबर हे चालू आहे, हे डोळ्यांनी पाहणे शिक्षकांना व्याख्यानापेक्षा अधिक पटले.

### सहकारी शिक्षकांचे गट

राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट्स यांच्या 'तेजस' प्रकल्पात (प्रारंभ २०१६) इंग्रजी शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचे छोटे स्थानिक गट तयार करण्यात आले. शिक्षकांमधूनच निवडलेला समन्वयक गटाची नियमित बैठक घेई. बैठकीत पाहिलेली एखादी कृती वर्गात करून पाहायची आणि पुढच्या बैठकीत अनुभव सांगायचा, असा क्रम होता.

जपानमधील 'जुग्यो केन्क्यू' (पाठ-अभ्यास) या परंपरेत शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एक जण तो घेतो, इतर जण मुलांच्या प्रतिसादाचे निरीक्षण करतात आणि नंतर पाठ सुधारला जातो. महाराष्ट्रातील दिग्दर्शन पाठाची पद्धत बाह्यतः तिच्यासारखी आहे. फरक असा की, दिग्दर्शन पाठात बहुधा शिक्षकाकडे पाहिले जाते आणि पाठ-अभ्यासात मुलांकडे.

## नवोपक्रम व कृतिसंशोधन

स्वतःच्या वर्गातील अडचण ओळखून तिच्यावर नवा उपाय करून पाहणे म्हणजे नवोपक्रम. राज्य परिषद शिक्षकांसाठी राज्यस्तरीय शैक्षणिक नवोपक्रम स्पर्धा घेते. उपक्रमाचे शीर्षक, गरज, उद्दिष्टे, नियोजन, कार्यवाही व यशस्विता या मुद्द्यांनुसार अहवाल सादर करावा लागतो. कृतिसंशोधनात याच प्रक्रियेला पूर्वस्थिती व उत्तरस्थिती यांच्या नोंदींची जोड दिली जाते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका वर्गातील प्रयोग सर्वत्र कसा पसरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

## पिंपरी-चिंचवड परिसरातील स्थिती

औद्योगिकीकरणामुळे वाढलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९७ मध्ये पुनावळे व आसपासची अनेक गावे महापालिकेत समाविष्ट झाली. पवनेच्या काठचे हे गाव हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञाननगरी आणि मुंबई-बंगळूर महामार्ग यांच्या सान्निध्यामुळे गृहसंकुलांचा भाग बनले. त्याचा थेट परिणाम वर्गरचनेवर झाला. मूळ गावकऱ्यांची मुले, चाकण-भोसरीच्या कारखान्यांतील कामगारांची मुले, बांधकाम मजुरांची मुले आणि परप्रांतीय नोकरदारांची मुले एकाच परिसरात शिकू लागली. हिंदी, कन्नड, बंजारा अशा निरनिराळ्या घरभाषा असलेले विद्यार्थी एका वर्गात असणे येथे नेहमीचे आहे.

या परिस्थितीत शिक्षकांच्या दोन प्रशिक्षणगरजा ठळकपणे दिसतात. पहिली गरज मराठी माध्यमाच्या शाळांतील आहे. घरी मराठी न बोलणाऱ्या आणि काम संपताच आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलाला थोड्या महिन्यांत वाचते कसे करावे, हा तेथील प्रश्न आहे. दुसरी गरज इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. त्यामुळे मराठी ही द्वितीय वा तृतीय भाषा म्हणून शिकवण्याची पद्धत शिक्षकांना आत्मसात करावी लागते. मातृभाषकांसाठीचे धडे व व्याकरण येथे उपयोगी पडत नाही. संवाद, खेळ, गाणी आणि परिसरातील पाट्यांचे वाचन यांपासून आरंभ करावा लागतो.

कंपनी कायदा, २०१३ मधील सामाजिक उत्तरदायित्वाच्या तरतुदीनुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि शिक्षण हे त्यातील मान्य क्षेत्र आहे. त्यामुळे औद्योगिक पट्ट्यातील शाळांना संगणक, डिजिटल फळे आणि प्रयोगसाहित्य तुलनेने सहज मिळू शकते. साहित्य आल्यानंतर ते वापरण्याचे प्रशिक्षण आणि पुढील देखभाल यांची तरतूद नसल्यास हे साहित्य कपाटात राहते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

## मर्यादा व टीका

सेवांतर्गत प्रशिक्षणावर पुढील आक्षेप घेतले जातात.

* अध्यापनाचे दिवस: शिक्षणहक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यांतील एक प्रशिक्षणाला गेल्यास सर्व इयत्ता एकाच शिक्षकाकडे येतात. प्रशिक्षणाची किंमत अशा वेळी मुले मोजतात.
* गरजेचा विचार नसणे: नवशिक्षक आणि वीस वर्षांचा अनुभवी शिक्षक यांना एकच घटकसंच दिला जातो.
* बाह्य अनुकरण: ज्ञानरचनावादाच्या प्रसारकाळात काही ठिकाणी भिंती व फरशा रंगवणे म्हणजेच रचनावाद, असा समज झाला. रंगकाम झाले, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार शिक्षकाकडेच राहिला.
* कागदोपत्री पूर्तता: हजेरी, छायाचित्रे, ऑनलाइन प्रमाणपत्रे आणि अहवाल यांवर भर राहतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात चित्रफीत चालू ठेवून प्रमाणपत्र मिळवता येते.
* पाठपुराव्याचा अभाव: केंद्रप्रमुखांची रिक्त पदे आणि त्यांच्यावरील प्रशासकीय कामांचा भार यांमुळे वर्गभेटी मागे पडतात.

दुसरी बाजूही मांडली जाते. एकाकी वस्तीशाळेत काम करणाऱ्या शिक्षकाला कार्यशाळा ही सहकाऱ्यांना भेटण्याची आणि आपली अडचण उघडपणे बोलण्याची मोजक्या संधींपैकी एक असते. प्रशिक्षणाचे दिवस सुट्टीच्या काळात घ्यावेत, या सूचनेला शिक्षक संघटनांचा विरोध असतो. विश्रांतीचा काळ आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या हे त्यामागील कारण होय.

## परिणामकारकता

अमेरिकी संशोधक ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात प्रशिक्षणाचे घटक वेगळे करून दाखवले. ते म्हणजे सिद्धान्त, प्रात्यक्षिक, सराव, प्रत्याभरण आणि वर्गात मिळणारी सोबत. पहिल्या चार घटकांनी ज्ञान व कौशल्य वाढते, परंतु नवी पद्धत नित्याच्या अध्यापनात उतरण्यासाठी पाचवा घटक निर्णायक ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्राचा अनुभव याच्याशी जुळतो. खिरोदा, कुमठे व तेजस यांच्या पद्धती एकमेकांपासून भिन्न होत्या. त्यांत समान धागा होता तो शिक्षक वर्गात परतल्यानंतरही संपर्क टिकवण्याचा. म्हणूनच कार्यशाळेची परिणामकारकता उत्तरचाचणीतील गुणांवरून ठरवण्याऐवजी काही महिन्यांनी केलेल्या वर्गनिरीक्षणावरून आणि मुलांच्या वाचन-लेखन-गणनातील प्रगतीवरून ठरवावी, असे मत मांडले जाते. कोणते मूल आता वाचू लागले आणि कोणते अद्याप नाही, ही शिक्षकाने स्वतः ठेवलेली नोंद हे त्याचे सर्वांत साधे साधन होय.